सेतुमाधवरावांची पाणसळ

मैलापुरातल्या कुठल्याही टिफिन हॉटेलात सेतुमाधवराव आधी बसत नाहीत. आधी त्यांची पाणसळ बसते. शर्टाच्या खिशातून, पेनाच्या शेजारून, ते बोटभर लांबीची पिवळी पाणसळ काढतात, टेबलावर आडवी ठेवतात, मग उभी ठेवतात, आणि काचेतला बुडबुडा मधल्या दोन रेघांत येऊन थांबतो का ते चष्मा कपाळावर चढवून बघतात. नाही थांबला तर पुढचं टेबल. एकदा आम्ही अशी तीन टेबलं नापास केली. चौथ्यावर एक कुटुंब जेवत होतं. त्यातल्या गृहस्थांना सांबाराची वाटी उचलून धरायला लावून सेतुमाधवरावांनी खाली पाणसळ सारली, आणि तमिळमध्ये सांगितलं, "तुमचं टेबल फार छान आहे. सावकाश जेवा. आम्ही थांबतो."

आणि ते खरंच थांबले. मीही थांबले. पोटात कावळे ओरडत होते, पण साठीला आलेल्या माणसाला उभं ठेवून एकटीनं डोसा खाणं मला जमलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या पाणसळीचं इतरांइतकं नवल वाटलं नव्हतं. मी गवंड्याची मुलगी आहे. बार्शीत आमच्या घरी पाणसळ, ओळंबा आणि थापी देवघराशेजारच्या खुंटीला असायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीदानाच्या दिवशी बाबांनी कॉलेजच्या त्या पायऱ्या खरोखरच हातानं चाचपून बघितल्या आणि म्हणाले, "काम चांगलं झालंय." पदवीबद्दल ते तेवढंच बोलले. मला तेवढं पुरलं. पुढे मी भूभौतिकी शिकले, नोकरी मिळाली ती चेन्नईत, आणि अण्णा नगरच्या एका लेडीज हॉस्टेलात सुटकेस टेकवली.

नोकरीच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी बाबांशी फोनवर बोलत होते. "व्हय, जेवले. भातच. रोज भातच," असं काहीतरी. मागून आवाज आला, "तूं मराठी कीं?"

वळून बघते तर पांढरा शर्ट, कपाळावर गंध, खिशात पाणसळ. हे सेतुमाधवराव. तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर घोड्यावरून इकडे आले आणि उतरले ते उतरलेच. मी तोंड उघडून चार वाक्यं बोलल्यावर त्यांनी मान हलवली, वैद्यानं हलवावी तशी.

"बिघडलं, मा. तुमचं मराठी तिकडे बिघडलं. हिंदी शिरलं त्याच्यांत. आमचं अस्कं तसंच आहे, तीनशे वर्षं."

'अस्कं' म्हणजे सगळं. हे मला नंतर कळलं. पाठोपाठ ते म्हणाले, "परवाइल्ल. कापी घेतीस कीं?" परवाइल्ल म्हणजे हरकत नाही आणि कापी म्हणजे कॉफी. तीनशे वर्षं न बिघडलेल्या मराठीत दोन मिनिटांत एवढी तमिळ ऐकून मला हसू आलं, पण मी कॉफी घेतली.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे एक प्रश्न. "किती मिलिमीटर?" हा प्रश्न ते कुणालाही, कशाबद्दलही विचारतात. ऑटोवाला म्हणाला, जरा पुढे सोडतो, तर किती मिलिमीटर. हाताखालची सुगंधी म्हणाली, "सर, सासूबाई आल्यापासून घरात ताण वाढलाय," तर किती मिलिमीटर. सुगंधी सात दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मीही चिडले होते एकदा. बाबा परांचीवरून पडले, पाय मोडला, आणि मी बार्शीला जाऊन आठच दिवसांत परत आले होते. सेतुमाधवरावांनी विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, मन जड झालंय. आणि त्यांनी विचारलं, "किती मिलिमीटर?"

मी काहीतरी टोचून बोलणार होते. पण बघते तर ते खुर्ची ओढून समोर बसले होते आणि उत्तराची वाट बघत होते. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच आकडा हवा होता. मी म्हटलं, "बारा."

"बारा पुष्कळ झालं," ते म्हणाले. "आज काम नको. कापी घेऊं."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारलं, "आज?" मी म्हटलं नऊ. असं करत करत तेराव्या दिवशी मी दोनवर आले, तेव्हा त्यांनी मला परत कामाला लावलं.

आता काम काय, ते सांगते. कारखान्यांच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायच्या ऐवजी पकडायचा, दाबून दाबून जवळजवळ पाण्यासारखा करायचा आणि जमिनीखाली किलोमीटरभर खोल, वाळूच्या खडकात नेऊन भरायचा. त्या खडकाच्या बारीक भोकांत खारं पाणी असतं. वायू त्याला ढकलतो, दाब वाढतो, आणि वरची जमीन किंचित उचलली जाते. किंचित म्हणजे मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही, पण उपग्रहाला दिसतं. आमचं काम कॉम्प्युटरवर त्या जमिनीचं मॉडेल बनवायचं आणि आधीच सांगायचं, की इतका वायू भरलात तर अमुक ठिकाणी जमीन इतकी उचलली जाईल. उपग्रहानं तसंच दाखवलं तर वायू जिथं ठेवला तिथंच आहे. भलतीकडे किंवा भलती जास्त उचलली, तर वायू वाट फोडून वर येतोय. मग काम बंद.

हे मी एवढं सांगितलं. सेतुमाधवराव हे डोशाच्या पिठावरून सांगतात. पाहणीला आलेल्या साहेबांपुढे त्यांनी एकदा घरून आणलेलं आंबवलेलं पीठ ठेवलं, पातेल्यासकट. "पीठ कशानं फुगतं? ह्याच वायूनं. झांकण किती उचललं तें बघून आंत काय चाललंय तें सांगायचं. झांकण काढायचं नाहीं." साहेबांना पटलं. मग त्यांनी झाकण काढलंच. दुपारी कँटीनवाल्यानं त्याचे डोसे घालून दिले, आणि साहेब म्हणाले की प्रकल्पाच्या माहितीचा इतका चांगला कार्यक्रम त्यांनी बघितला नव्हता.

आमची चाचणीची जागा तंजावरच्या अलीकडे आहे, मोकळ्या माळावर. सात वर्षं तिथं थोडा थोडा वायू भरला जातोय आणि सात वर्षं सेतुमाधवराव त्या जमिनीचं मॉडेल सांभाळतायत. दर बारा दिवसांनी उपग्रह त्या भागावरून जातो. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात. "आज तो वरून बघणार," म्हणतात. चित्र हाती आलं की आधी एकटेच बघतात. एक ठिपका मोठा करून बघतात, वहीत काहीतरी लिहितात, आणि मग आम्हाला बोलावतात.

मैलापूरला त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते, नवरात्रात, बाहुल्यांची मांडणी बघायला. लग्न त्यांनी केलं नाही. घरात एकटे. बाहुल्या नऊ पायऱ्यांवर, आणि प्रत्येक पायरी पाणसळीनं तपासलेली, हे वेगळं सांगायला नको. आतल्या बाजूला एक खोली होती. पलंगावर धुतलेली चादर, खिडकीला पडदा, कोपऱ्यात नवी कोरी खुर्ची. फरशी अशी एकसारखी की बाबांनी हात फिरवून बघितली असती.

"ही खोली कुणाची?"

"पाहुण्यांची."

"कोण येतं?"

"कोण नाहीं," ते म्हणाले आणि मला सुंडल वाढायला गेले. उकडलेल्या हरभऱ्यांवर ओलं खोबरं जरा जास्तच पडलं त्या दिवशी.

या वर्षी घोटाळा झाला. जमीन मॉडेलपेक्षा जास्त उचललेली दिसायला लागली. खरं तर हळूहळू ते पहिल्यापासूनच चालू होतं, पण सुरुवातीला फरक इतका बारीक होता की कुणी बोललं नाही. आता बोलायची वेळ आली होती. पंधरा दिवसांनी तपासणी समिती येणार होती. आमचा टीमप्रमुख कार्तिक, सेतुमाधवरावांपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि घाईत. तो म्हणाला, "सर, मॉडेल जुनं झालंय. वरच्या थरात एक भेग घाला. वायू थोडा वर येतोय असं धरा. सगळं जुळेल."

"जुळेल," सेतुमाधवराव म्हणाले. "पण भेग आहे कीं?"

"आकडे म्हणतायत."

"आकडे म्हणत नाहींत. तूं म्हणतोस. मॉडेलला खोटं शिकवायचं नाहीं, पा."

कार्तिक माझ्याकडे बघून हसला. सेवानिवृत्तीला पाच महिने राहिलेल्या माणसाकडे बघून लोक हसतात तसं. भेग दाखवली तर चाचणी बंद पडणार होती आणि सात वर्षांचं मॉडेल चुकीचं होतं असं कागदावर लागणार होतं. भेग नाही म्हणावं, तर जास्तीची उचल आली कुठून हे सांगता यायला हवं होतं. सेतुमाधवराव जेवायच्या सुट्टीतही आकड्यांत बसायला लागले. एकदा तर कँटीनच्या डुगडुगत्या टेबलाला पाणसळ लावून झाल्यावर दुसरं टेबल शोधायचंच विसरले.

मी कार्तिकच्या बाजूची की त्यांच्या, हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून मी उपग्रहाचं अख्खं चित्र उघडलं. आमची जागा त्यातला एक लहानसा तुकडा. बाकीच्या भागाकडे कुणी बघतच नसे. बघते तर चाचणीच्या माळापासून लांब, तिरुचीच्या बाजूला एक निव्वळ खडकाची टेकडी आहे, तीसुद्धा दर वर्षी चार मिलिमीटर वर येत होती. बसस्टँड वर येत होता. रेल्वेचा पूल वर येत होता. जिथं कुणी वायूचा थेंब भरलेला नाही ते सगळं, सारख्याच मापानं.

मला बाबा आठवले. हाताखाली काम शिकणाऱ्यांना ते सांगायचे, "सगळ्याच भिती वाकड्या दिसाय लागल्या, तर भितीस्नी नावं ठिवू नगं. आदी पाणसळ उलटी करून बघ."

तर आमची पाणसळ कुठली? उपग्रहाचं माप नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. त्यासाठी एक ठिकाण स्थिर धरावं लागतं. आमच्या चित्रात त्याचं नाव होतं बिंदू A, किंमत कायम शून्य. बाकी सगळं त्याच्यापेक्षा किती वर, किती खाली. आणि स्वतः खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला अख्खं गाव उंच होताना दिसतं.

मी बिंदू A ची फाइल काढली. सेतुमाधवरावांच्या अक्षरात निवडीचं कारण: "घराचं पत्र्याचं छत, उत्तम परावर्तन, साठवणीपासून दूर." पुढे दर वर्षीची स्थळपाहणी, आमचा तंत्रज्ञ मुरुगेसन यानं केलेली. मी वाचत गेले.

पहिलं वर्ष: "छत ठीक. घरात एक वृद्ध बाई. तब्येत ठीक. ताक दिलं."

दुसरं वर्ष: "पत्रे बदलले आहेत. बाईंच्या गुडघ्याला सूज. ताक दिलं."

पाचवं: "छत ठीक. बाई ओरडल्या. ताक दिलं."

सहावं: "छत ठीक. बाई फार ओरडल्या."

स्थिर बिंदूच्या तांत्रिक पाहणीत गुडघ्याच्या सुजेचा रकाना मी पहिल्यांदाच बघत होते. रकाना छापील होता. सेतुमाधवरावांनी करून घेतलेला.

मी दार लावून त्यांच्यासमोर बसले. "सर, टेकडी वर येतीय."

"कुठली?"

मी दाखवलं. त्यांना समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पण ते म्हणाले, "A खचत नाहीं."

"कशावरून?"

"मला ठाऊक आहे."

"सर, A म्हणजे कोण?"

त्यांनी खिशातून पाणसळ काढली, टेबलावर ठेवली, परत खिशात घातली. मग खाली बघून म्हणाले, "माझी अक्का. अंबाक्का."

थोडं थोडं करून सगळं कळलं. आई-वडील लवकर गेले, पंधरा वर्षांनी मोठ्या बहिणीनं वाढवलं. ती तंजावरजवळच्या त्यांच्या गावात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नवरा गेला, मूलबाळ नाही, निवृत्त झाली. ह्यांनी मैलापूरला तिच्यासाठी खोली केली, फरशी तीनदा उखडून सरळ करून घेतली, आणि न्यायला गेले. ती म्हणाली, मी हे गाव सोडणार नाही, मला न विचारता खोली कशाला केलीस. हे म्हणाले, मग मी पण येणार नाही. तिनं म्हटलं, नको येऊस. ह्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. त्याच महिन्यात चाचणी सुरू झाली, स्थिर बिंदू निवडायची वेळ आली, आणि सेतुमाधवरावांनी, ज्यांनी आयुष्यात डुगडुगत्या टेबलावर कॉफी घेतली नाही, अख्ख्या प्रकल्पाचं शून्य आपल्या रुसलेल्या बहिणीच्या छतावर नेऊन ठेवलं.

"दर बारा दिवसांनीं ठिपका चमकतोय कीं नाहीं तें दिसायचं," ते म्हणाले. "चमकतोय म्हणजे छत आहे. छत आहे म्हणजे अक्का आहे."

वहीत ते काय लिहायचे तेही तेव्हा कळलं. "अक्का ठीक." सात वर्षं, दर बारा दिवसांनी.

मग त्यांनीच विचारलं, आवाज अगदी लहान करून, "किती मिलिमीटर?"

"वर्षाला चार. सगळे मिळून अठ्ठावीस."

"खालीं?"

"खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एग्मोरहून गाडी धरली. मला त्यांनी बोलावलं नव्हतं. पण बिंदू A ची पाहणी एकट्यानं करायची नाही असा नियम आहे, तो मी त्यांना सांगितला. असा नियम नाही हे त्यांना माहीत होतं. खिडकीशी बसून त्यांनी सहा तासांत एक वडासुद्धा खाल्ला नाही. एकदाच बोलले. "गुडघा कसा आहे विचारायचं राहिलं ह्या वर्षी मुरुगेसनला."

गाव लहान. गल्लीच्या टोकाला घर, माडीवर पत्रे. ओट्यावर एक वाळकी, ताठ बाई तांदूळ निवडत बसलेली. सेतुमाधवराव पायरीशी उभे राहिले. "अक्का."

तिनं वर बघितलं. हातातले तांदूळ खाली ठेवले. मग म्हणाली, "चपला बाहेर."

चपला बाहेर काढल्या.

"ही कोण?"

"ऑफिसातली. बार्शीची."

"मराठी बोलती कीं?"

"बोलती. बिघडलेलं."

"बस गे," अक्का मला म्हणाली. ह्यांना म्हणाली नाही. आणि ह्यांनी काय करावं? खिशात हात घातला. त्यांना दुसरं काही सुचेचना. पाणसळ ओट्यावर ठेवली. बुडबुडा धावत एका टोकाला जाऊन बसला.

"सात वर्षांनीं आलास," अक्का म्हणाली, "पायां पडायचं सोडून माझ्या ओट्याची नाडी बघतोस?"

"घर खचतंय, अक्का."

"मला सांगतोस? दोन वर्षं झालीं, स्वयंपाकघरांत लिंबू ठेवलं तर मागच्या दाराला जातं." तिनं मान मागे केली. "पलीकडे पाण्याचे कॅन भरायचा कारखाना घातलान् कुणी. तीन बोअर. दिवसभर जमिनींतलं पाणी ओढतात. जमीन बसेल नाहीं तर काय करेल?"

आम्ही आत गेलो. भिंतीला कोपऱ्यापासून एक तडा गेला होता. तड्यावर थोड्या थोड्या अंतरानं पेन्सिलीच्या आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख, मोत्यासारख्या आकड्यांत. तडा कुठपर्यंत पोचला त्याची नोंद. सेतुमाधवराव त्या रेघांपुढे उभेच राहिले. मी त्यांची वही दोन वर्षं बघत आले होते. तोच सात, तोच चार, तीच रेघ. गणित ते कुणाकडे शिकले हे विचारायची गरज उरली नाही.

"मला कळवायचं नाहींस?" ते म्हणाले.

"कळवलं. तुझा माणूस यायचा दर वर्षीं, शिडी लावून छत बघायचा, ताक प्यायचा, जायचा. मी त्याला सांगितलं, सेतूला सांग, वर काय बघतोस, खालीं बघ. दोनदा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं."

मला फाइल आठवली. पाचवं वर्ष, बाई ओरडल्या. सहावं वर्ष, बाई फार ओरडल्या. सेतुमाधवरावांनाही तेच आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

"माणूस तुझा हें तुला कसं कळलं, अक्का?"

"सरकारी माणूस गुडघा कसा आहे विचारतो कीं?"

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून तडा दाखवला. मोडून सांधलेला पाय स्टुलावर ठेवून बाबांनी भिंतीवर कुठं कुठं ठोकायचं ते सांगितलं, आवाज ऐकला, आणि म्हणाले, "कोपरा बसलाय. भीत धरून हाय. पर कोपऱ्याखाली आधार द्याय पायजे, ह्याच महिन्यात. म्हातारीला त्या खोलीत निजू दिऊ नगा." अक्कानं फोनकडे वाकून बघितलं आणि मला विचारलं, "हे कोणचं मराठी?" पण सल्ला तिला पटला. संध्याकाळच्या आत पलंग दुसऱ्या खोलीत गेला. एक टोक सेतुमाधवरावांनी धरलं, एक मी.

त्याआधी जेवण झालं. अक्कानं ओट्यावरच केळीची पानं मांडली. सांबार आणि भात. "उतार आहे," ती म्हणाली. "तूं खालच्या अंगाला बस, वाढलेलं तुझ्याकडे येईल." सेतुमाधवराव बसले. सरळ बसले, त्या वाकड्या ओट्यावर, पाणसळ न लावता. त्यांच्या पानावरचं सांबार खरंच कडेला जायला लागलं. त्यांनी डाव्या हातानं पानाची कड उचलून धरली आणि उजव्या हातानं जेवत राहिले. तिसऱ्यांदा भात मागितला. अक्कानं वाढला आणि तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, वाढता वाढता, पळी दुसऱ्या हातात धरून.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, "अक्का, मैलापूरची खोली आहे अजून."

"फरशी सरळ आहे कीं?"

"एकदम."

"मग तूं नीज तिथं. मी इथली." आणि पानं गोळा करता करता म्हणाली, "पण तूं येत जा. तुला कुणी बांधून ठेवलंय?"

समितीपुढे सेतुमाधवराव स्वतः उभे राहिले. कार्तिकनं सांगितलं होतं की बिंदू बदलला एवढंच म्हणा, चूक म्हणू नका. ते म्हणाले, "चूक माझी. शास्त्राला स्थिर जागा हवी होती. मला ती जागा बघत राहायची होती. म्हणून मी ती निवडली." मग शून्य टेकडीच्या खडकावर नेलेलं चित्र दाखवलं. जास्तीची उचल निघून गेली. जमीन मॉडेलनं सांगितली होती तेवढीच उचलली होती. भेग नव्हती. वायू जिथं ठेवला होता तिथंच होता. चाचणी चालू राहिली. इतिवृत्तात एक ओळ आली: संदर्भबिंदू राहत्या घरावरून खडकावर हलवण्यात आला. आणि सेतुमाधवरावांच्या आग्रहावरून एक जास्तीचं पान जोडलं गेलं, त्या गल्लीच्या खचण्याचं, बोअरच्या नकाशासकट. त्याची प्रत जिल्ह्याला गेली. अक्काच्या पेन्सिलीच्या तारखा त्यात होत्या. कार्तिकनं त्या स्वतः टाइप केल्या आणि मला विचारलं, "ह्या बाई नोकरी करतील का?"

काल आम्ही कँटीनमध्ये बसलो होतो. कोपऱ्यातलं टेबल, सगळ्यात डुगडुगणारं, कुणीच बसत नाही ते. सेतुमाधवरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिशात नुसतं पेन होतं. पाणसळ आता गावी असते, अक्काच्या नव्या आधार दिलेल्या कोपऱ्यात. ती रोज सकाळी बघते, आणि अकरा वाजता हे फोन लावतात. अक्काला कमी ऐकू येतं, म्हणून फोनमधून आवाज सगळ्या कँटीनला ऐकू जातो.

"अक्का, बुडबुडा कुठं आहे?"

"काल होता तिथंच," पलीकडून उत्तर आलं. "तूं खाल्लंस कीं?"

"खातों."

"खातों नको. खाल्लं म्हण."

सेतुमाधवरावांनी एका हातानं टेबल दाबून धरलं, डोशाचा तुकडा तोडून तोंडात घातला, गिळला, आणि मग म्हणाले, "खाल्लं."